पणजी, तीन दिवस, गाडी न घेता, आईला घेऊन: आमचा रिव्ह्यू

गोव्याला माझ्या आठ-दहा ट्रिपा झाल्या असतील पण पणजी म्हणजे दर वेळी फक्त कदंबाचा, म्हणजे गोव्याच्या एसटीचा, स्टँड, उतरायचं, कळंगुटची नाहीतर मडगावची बस पकडायची, पुलावरून मांडवीतल्या कॅसिनोचे दिवे बघायचे आणि पुढे. राजधानीचं गाव आहे हे पाठ होतं, बघितलं कधीच नव्हतं. या डिसेंबरात आईला घेऊन गेले आणि ठरवून फक्त पणजीतच राहिले, तीन रात्री, बीच रिसॉर्ट नाही, भाड्याची गाडी नाही, स्कूटर पण नाही. आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात, रिटायर्ड मराठीची बाई, आम्ही कोल्हापूरच्या. म्हणजे हा रिव्ह्यू कुठल्या एका हॉटेलचा नाही, अख्ख्या गावाचाच आहे, आणि म्हातारं माणूस बरोबर असताना हे गाव कसं वाटतं या बाजूने लिहितेय, कारण जायच्या आधी मी हेच शोधत होते आणि सगळीकडे पार्टी आणि बीच शॅकच सापडत होते.

आधी निकाल सांगते मग बाकीचं. पाचपैकी साडेचार. अर्धा कशाचा कापला ते पुढे येईलच.

पणजीच का, तर आईचा हट्ट. बाबा आणि ती लग्नानंतर पहिल्यांदा गोव्याला गेले ते १९८७ च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर. त्याच्या आदल्या जुलैत, म्हणजे १९८६ साली, मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला होता, १९७० साली सुरू झालेला पूल, सोळा वर्षंच टिकला. नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. त्यामुळे हे दोघं बेतीला उतरून फेरीबोटीने नदी ओलांडून पणजीत आले होते, आणि आईच्या डोक्यात गोवा म्हणजे ती फेरी. समुद्र वगैरे नंतर. बाबा जाऊन आता चार वर्षं झाली, त्यानंतर ती कुठे बाहेर जायलाच तयार नव्हती, मग एक दिवस स्वतःच म्हणाली, "पणजीला जाऊया का गं, ती फेरी चालू असेल का अजून?" चालू आहे. पूल आता एक सोडून तीन झालेत, त्यातला अटल सेतू तर २०१९ चा, केबलवाला, लांबूनच दिसतो, तरी फेरी चालू आहे. पण फेरीबद्दल शेवटी लिहिते, कारण आम्ही तिथे शेवटीच गेलो.

आम्ही कोल्हापूरहून आंबोली घाटातून बसनेच आलो. ट्रेनवाल्यांनी लक्षात ठेवा, पणजीत रेल्वे स्टेशन नाहीये, जवळचं म्हणजे करमळी, दहा-बारा किलोमीटर, किंवा मग थिवी. बसने आलात तर पाटोला थेट गावाच्या तोंडाशीच उतरता, आणि तिथून छोटा पूल ओलांडला की गाव सुरू. एवढं छोटं आहे सगळं. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत साधारण ४० हजार माणसं होती, म्हणजे आमच्या कोल्हापुरातल्या दोन-तीन पेठा मिळून होतील एवढी, आणि ही राज्याची राजधानी! मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. राजधानी म्हटल्यावर जी धावपळ, हॉर्न, अंगावर येणाऱ्या बिल्डिंगा डोळ्यासमोर येतात तसलं काही नाही. दुपारी एक ते साडेतीन-चार अर्धी दुकानं बंद, शटर खाली, दुकानदार जेवून झोपलेला. आईला हे फारच पटलं.

राहायला आम्ही मळा नावाच्या भागात घेतलं होतं, फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या लगत, एका घरातली वरची खोली, एका रात्रीचे २२०० रुपये. नाव मुद्दाम देत नाही कारण तक्रार आहे. बुकिंग करताना लिहिलेलं होतं ग्राउंड फ्लोअर आणि निघाल्या लाकडी पायऱ्या, एकोणीस, मोजल्या मी, उभ्या चढाच्या, आणि आईचे गुडघे. फोनवर मी दोनदा विचारलं होतं. मालकीणबाईंनी नंतर खूप सांभाळून घेतलं, सकाळचा चहा वर आणून दिला, पण जे आहे ते आधी सांगायला काय जातं? म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणार असाल तर या भागात बुक करताना जिन्याचा फोटो मागून घ्या, नुसत्या शब्दावर जाऊ नका. जुनी घरं आहेत, लिफ्ट नसतेच. बाकी खोली सुंदर होती, उंच छत, खिडकीबाहेर आंब्याचं झाड, आणि पहाटे पोदेराचा भोंगा. पोदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, तो रबरी भोंगा पों पों वाजवत येतो आणि त्याच्याकडे उंडे, पोयी, काकणं असं सगळं गरम असतं. पोयी म्हणजे कोंड्याच्या पिठाचा पोकळ पाव, ती चहात बुडवून खाल्ली तर दुसरं काही नको. आई तिसऱ्या दिवशी त्याच्या भोंग्याआधीच पिशवी घेऊन उभी होती.

फोंतेन्हासबद्दल सगळे लिहितात ती रंगीत घरं, पिवळी, निळी, लाल, त्यांचे सज्जे, ओयस्टर शेलच्या खिडक्या, सगळं खरंच तसं आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी आंतोनियो जुआंव द सिक्वेरा नावाच्या गोवेकराने ही वस्ती वसवली, मोझांबिकमध्ये पैसा कमावून आला म्हणून लोक त्याला मोसमीकार म्हणायचे. नाव पडलं ते आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावरून. पोर्तुगीज काळात दर पावसाळ्यानंतर घर रंगवायलाच लागायचं आणि पांढरा रंग फक्त चर्चना, असं तिथले लोक सांगतात. पण एक सांगते, सकाळी साडेसातच्या आत जा. नऊनंतर तिथे प्री-वेडिंगवाले, रील्सवाले, कोणाच्याही दारात बसून पोज देणारे, कोणाच्या सायकलवर चढणारे, लोकांनी दारावर पाट्या लावल्यात की इथे माणसं राहतात, फोटो काढू नका. एक आजी दार उघडून बाहेर यायला बघत होत्या आणि त्यांच्याच पायरीवर एक जोडपं फोटो काढत उभं, आजी आत वाट बघत थांबल्या. आई सरळ जाऊन त्या पोरांना म्हणाली, "बाळा, त्यांना त्यांच्या घरातून बाहेर यायचंय." पोरं चांगली होती, लगेच उठली. त्या आजींनी मग आम्हाला "देव बरें करूं" म्हणजे धन्यवाद म्हटलं आणि पाच मिनिटं आईशी कोंकणीत बोलत बसल्या, आई मराठीत बोलत होती, दोघींना सगळं कळत होतं.

तिथेच सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपल आहे, दार उघडं असेल तेव्हा आत नक्की जा. आतला क्रूस वेगळा आहे, येशूची मान खाली झुकलेली नाही, ताठ आहे आणि डोळे उघडे. हा क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला, तिथून आदिलशहाच्या राजवाड्यात आणि मग १९१८ साली इथे आणला. ज्यांची चौकशी व्हायची त्यांनी त्या उघड्या डोळ्यांसमोर उभं राहायचं. माहीत नसताना बघितलं तर सुंदर लाकडी मूर्ती आहे, माहीत झाल्यावर अंगावर काटा येतो. आई बराच वेळ बोलली नाही.

नाश्त्याचं आता. पणजीत नाश्ता म्हणजे भाजी-पाव, आणि हे आपलं मुंबईचं पावभाजी नव्हे, गैरसमज करून घेऊ नका. पातळ भाजी म्हणजे वाटाण्याची नाहीतर चण्याची रस्साभाजी, सुकी भाजी बटाट्याची, आणि दोन्ही मिसळून हवी तर मिक्स सांगायचं, बरोबर पाव किंवा पुऱ्या, वर मिरची भजी, आणि गोड बन. आम्ही दोन दिवस कॅफे भोसलेला गेलो आणि दोन्ही दिवस टेबल शेअर करायला लागलं, ते तिथे नॉर्मल आहे, समोरचे काका पेपर वाचत होते, उठताना तो आईच्या हातात देऊन गेले. गोव्यात मराठी पेपर भरपूर चालतात, गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत, आणि आईसारख्या बाईला परक्या राज्यात सकाळी चहाबरोबर मराठी पेपर मिळणं म्हणजे अर्धी ट्रिप तिथेच वसूल. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीचाही सरकारी कामात वापर करता येईल अशी तरतूद ठेवली, त्यावरून गोव्यात किती भांडणं झालीत ते वेगळं, पण रस्त्यावर आम्हाला एकदाही कोणी तोडून बोललं नाही. आपण मराठीत बोलायचं, ते कोंकणीत बोलतात, चार वाक्यांनंतर कान सरावतो. फक्त हिंदीत सुरुवात करू नका, मराठीत केलीत तर चेहऱ्यावर फरक दिसतो, हा माझा अनुभव.

चालायच्या गोष्टी. चर्च स्क्वेअरपासून सगळं दहा-पंधरा मिनिटांवर आहे. ते पांढरं चर्च, जे पणजीच्या सगळ्या फोटोंमध्ये असतं, जिन्याच्या पायऱ्या इकडून तिकडे वळत वर जाणाऱ्या, तिथे मूळ चॅपल १५४१ चं, आताची वास्तू १६१९ ची. लिस्बनहून आलेले खलाशी जुन्या गोव्याला जायच्या आधी इथे थांबून, सुखरूप पोचलो म्हणून प्रार्थना करायचे. वरची घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाच्या मनोऱ्यातली आहे, मठ पडला, घंटा इथे वाजते. आई वर चढली नाही, खाली बागेत बाकावर बसून तिने बघितलं आणि मला म्हणाली तू जाऊन ये. आम्ही ८ डिसेंबरला होतो म्हणजे नेमकं या चर्चचं फेस्त, म्हणजे जत्रा, हे आम्हाला बुकिंग करताना माहीतच नव्हतं. सगळा परिसर दिव्यांनी भरलेला, खाज्याची दुकानं, चणे, खेळणी, फुगे, घंटा, बँड, आणि गर्दीत हिंदू-ख्रिश्चन सगळेच. गुळाचं आल्याचं खाजं पाव किलो घेतलं, बसमध्येच संपलं.

ती बाग म्हणजे गार्सिया द ओर्ताच्या नावाची, सोळाव्या शतकात गोव्यात राहून इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिणारा पोर्तुगीज वैद्य. बाकं आहेत, सावली आहे. म्हाताऱ्या माणसासाठी गावात बसायला जागा किती आहेत हे मी मोजत होते, आणि पणजी यात खूप चांगली आहे, या बागेत, नदीकाठी, कांपालला, मिरामारला, कुठेही दमलं की बसता येतं. पण मधले फुटपाथ! इथेच तो अर्धा मार्क गेला. कुठे फरशी वर आलेली, कुठे मध्येच खांब, कुठे अचानक फूटभर उंच, कुठे खोदून ठेवलेलं आणि वर नुसती फळी. आई दोनदा अडखळली, एकदा माझा हात नसता तर पडलीच असती. एवढं चालण्याजोगं गाव आणि चालायलाच धड जागा नाही हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण बाकी सगळं आहे हो इथे.

मग महालक्ष्मी. कोल्हापूरची बाई पणजीत आली आणि महालक्ष्मीला गेली नाही असं होईल का. पोर्तुगीज काळात पणजीत उघडपणे देऊळ बांधायला परवानगी मिळाली ती पहिली हिलाच, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, असं सांगतात. शांत, स्वच्छ, गर्दी नाही, पुजाऱ्यांनी विचारलं कुठून, कोल्हापूर म्हटल्यावर आईला आत बोलावून बसायला दिलं आणि प्रसाद हातात ठेवला. आई नंतर म्हणाली, आपल्या अंबाबाईला असं निवांत बसता येत नाही गं.

१८ जून रोड म्हणजे खरेदीचा रस्ता, काजू, काजू आणि काजू. पण हे नाव कशाचं ते बऱ्याच जणांना माहीत नसतं, १८ जून १९४६ ला राममनोहर लोहियांनी मडगावला सभा घेऊन पोर्तुगीजांची सभाबंदी मोडली, तो हा दिवस. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. आझाद मैदान इथून जवळच, आणि मैदानाच्या कडेला मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे तिच्या प्रवेशाच्या हॉलमध्ये नक्की डोकवा, भिंतभर निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर कामोइश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेत, १९३५ चं जोर्ज कोलासोचं काम, लिस्बनला न जाता तसल्या टाइल्स बघायच्या तर ही जागा. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय तिथे कुणीच नव्हतं. एवढ्या गोष्टीसाठी लोक परदेशात रांगा लावतात.

नदीकाठी आदिलशहाचा राजवाडा. विजापूरच्या आदिलशहाचा, मग १७५९ पासून पोर्तुगीज व्हाइसरॉयचं राहणं, मग सचिवालय, गोव्याची विधानसभा पण २००० साली पर्वरीला जाईपर्यंत इथेच भरायची. जुन्या गोव्यात साथींनी माणसं मरायला लागली म्हणून राजधानी हळूहळू इकडे सरकली आणि १८४३ साली पणजीला अधिकृतपणे नोव्हा गोवा म्हणून राजधानी केलं. राजवाड्याच्या बाजूला तो प्रसिद्ध पुतळा, हात पसरून एका कोसळत्या बाईवर वाकलेला माणूस. लहान मुलं घाबरतात बघून. तो आब्बे फारिया, १७५६ चा कांदोळीचा जन्म, पॅरिसला जाऊन संमोहनाचा अभ्यास केलेला, पुतळा रामचंद्र कामतांनी १९४५ साली केलेला. याची गोष्ट आईला पाठ होती, वर्गात सांगायची म्हणे. तरुण फारिया पोर्तुगालमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि घाबरून शब्दच फुटेना, तेव्हा खाली बसलेले त्याचे वडील हळूच कोंकणीत म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" आणि तो धडाधड बोलायला लागला. शब्दांनी माणसाच्या मनावर एवढा परिणाम कसा होतो हा विचार त्याच्या डोक्यात तिथून शिरला म्हणतात. पुतळ्यासमोर उभं राहून आईने ही गोष्ट मला सांगितली आणि बाजूला उभ्या असलेल्या सोलापूरच्या एका फॅमिलीतली दोन पोरं पण ऐकायला थांबली. तीस वर्षं शिकवलेल्या बाईचा आवाज लागतो तो लागतोच.

दुपारचं जेवण. फिश थाळी सगळ्यात चांगली कुठे यावर पणजीत भांडणं होऊ शकतात, आम्ही रिट्झ क्लासिकला एकदा आणि आनंदाश्रमला एकदा जेवलो, दोन्ही मनापासून आवडलं. शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे माशाचं कालवण, किसमूर, तिसऱ्यांचं सुकं, तळलेला बांगडा किंवा इसवण, सोलकढी, वर एक पालेभाजी. हुमणाची चव आपल्या मालवणीपेक्षा जराशी वेगळी, आंबटपणा जास्त, मसाला कमी, माझ्यासारख्या तांबडा-पांढरावालीला पहिल्या घासाला मिळमिळीत वाटलं आणि चौथ्या घासाला वाढून घेतलं. आनंदाश्रम जुनं, साधं, घरच्यासारखं आहे. एक टीप, बाराच्या ठोक्याला जा, दीडला नावाजलेल्या कुठल्याही ठिकाणी तुम्ही जिन्यात उभे असाल. शाकाहारी लोकांचे पण हाल नाहीत, भाजी-पाववाल्या बऱ्याच जागा शाकाहारीच आहेत. गोडात ३१ जानेवारी रोडवरची जुनी बेकरी, तिथली बेबिंका आणि दोदोल, बेबिंकाचा एकेक पदर सुटा करून खायचा, आईने तसंच खाल्लं, लहान मुलीसारखं.

पणजी मार्केटला अर्धा दिवस ठेवा. मासळीचा भाग सकाळी, बोलणंच नको, कोळणी ओरडून बोलवतात, "ये गो बाय, पळय सुंगटां." सुंगटां म्हणजे कोळंबी. वर टांगलेल्या चौरीसच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा, खाली ताळगावची वांगी ही मोठाली, मोयरेची केळी, हळसांदे, उकडे तांदूळ, कुळीथ, आमसुलं. आईने एवढं घेतलं की मला वेगळी पिशवी विकत घ्यावी लागली. भाव करण्यात ती तरबेज पण इथे एका म्हातारीने वांग्यांवर मूठभर मिरच्या फुकट टाकल्या आणि भाव करायचाच राहिला.

सेंट्रल लायब्ररी हे आमच्या लिस्टमध्येच नव्हतं, पाऊण तास हातात होता, स्टँडजवळच पाटोला आहे म्हणून शिरलो आणि अडीच तास बसलो. १८३२ साली सुरू झालेली ही लायब्ररी, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, नाव कृष्णदास शामा, सोळाव्या शतकातला मराठीत लिहिणारा गोव्याचा कवी. आई त्या नावाच्या पाटीखालीच थांबली. ज्या मातीत पुढे देवळं पाडली, पोथ्या जाळल्या, तिथल्या सरकारी ग्रंथालयाला आज त्या मराठी कवीचं नाव आहे हे तिला फार लागलं, चांगल्या अर्थाने. लिफ्ट आहे, टॉयलेट स्वच्छ, वाचायला टेबलं, स्पर्धा परीक्षेची पोरं मान खाली घालून बसलेली. टुरिस्ट कोणी नाही. माझ्या मते पणजीतली सगळ्यात चांगली सार्वजनिक इमारत हीच.

कला अकादमीला संध्याकाळी गेलो, कांपालला, चार्ल्स कोरियांनी बांधलेली, आत शिरता आणि भिंती अडवतच नाहीत, चालत चालत नदीपाशी निघता. दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहाच्या आतल्या भिंतींवर मारिओ मिरांडाने प्रेक्षक रंगवलेत, बाल्कनीत बसून नाटक बघणारे. इथे मराठी नाटकांच्या स्पर्धा होतात, गोव्यातल्या गावागावातली मंडळी मराठी नाटक बसवून आणतात हे आपल्याकडे कितीजणांना माहीत असतं? नोव्हेंबरात गेलात तर इफ्फीची गर्दी असते, २००४ पासून तो फिल्म फेस्टिव्हल इथेच, तेव्हा खोल्यांचे भाव वाढतात ते लक्षात ठेवा.

मिरामारचा किनारा ठीक. सूर्यास्त सुंदर, वाळूत बसायला छान, पोहायला उतरू नका, पाण्याला आतून ओढ आहे. मांडवी इथे समुद्राला मिळते, समोर आग्वादचा किल्ला दिसतो. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी इथे आहे, आईने चप्पल काढून नमस्कार केला. जुन्या गोव्याला बसने जाऊन आलो, रायबंदरचा तो रस्ता, एका बाजूला नदी, दुसरीकडे मिठागरं आणि खारफुटी, १६३३-३४ साली बांधलेला लांबच लांब बांध आहे तो, जवळजवळ तीन किलोमीटरचा, त्यावरूनच आजही बस धावते. चर्चबद्दल लिहीत नाही, सगळ्यांनी लिहिलंय.

फिरण्याचं म्हणाल तर गावात चालत, लांब जायला कदंबा. मडगाव, वास्कोच्या शटलचं तिकीट खिडकीवर आधीच काढायचं, रांगेत बसमध्ये चढायचं, मध्ये कुठे थांबत नाही, उभं राहून कोणी नाही. इलेक्ट्रिक बसेस पण आल्यात, थंड आणि पायरी खाली असलेली, आईला चढायला सोपी. प्रायव्हेट छोट्या बसेसमध्ये मात्र कंडक्टर शिट्टी मारतो आणि ड्रायव्हर सोडतो, तुमचा एक पाय अजून रस्त्यावर असतो, त्यात म्हाताऱ्यांना घालू नका. रिक्षावाले मीटरवर येत नाहीत, आधी ठरवून घ्या. आणि पायलट, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलची टॅक्सी, एकट्या माणसाला झकास, मी एकदा औषध आणायला गेले, दहा मिनिटांत जाऊन परत.

कॅसिनोबद्दल मनापासून लिहिते, कोणाला आवडो न आवडो. एवढी सुंदर नदी, तिच्या काठावर बसायला एवढी चांगली जागा, आणि संध्याकाळ झाली की समोर ते मोठाले बोर्ड, लाल-निळे दिवे, म्युझिक, रस्त्यावर त्यांच्या गाड्या. पैसा येतो, नोकऱ्या आहेत, कबूल. पण पाण्यात चंद्र बघायला आईने मान वळवली आणि तिला दिसला एलईडी. मला ते दुखलं.

आणि फेरी. शेवटच्या दिवशी संध्याकाळी गेलो. धक्क्यावर मोटरसायकली, मासळीच्या टोपल्या, शाळेतून परतणारी पोरं, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. बोट म्हणजे लोखंडी सपाट पत्रा, पुढची फळी खाली टाकतात, त्यावरून माणसं आणि गाड्या एकदमच चढतात, आईला चढताना मी घाबरत होते तर बोटीवरचा खलाशी स्वतः येऊन "सावकाश मावशी" म्हणत हात धरून कठड्यापाशी उभं करून गेला. पाच-सात मिनिटांत बेती. डोक्यावरून वाहनांची गडगड चालू असलेले ते तीन पूल उजवीकडे, डावीकडे नदीचं तोंड रुंद होत समुद्राकडे गेलेलं, मालीमला लागलेले ट्रॉलर. आई काही बोलत नव्हती. बेतीला सगळे उतरले, मी म्हटलं उतरायचं का, तर म्हणाली, "नको. तेव्हा आपण तिकडून इकडे आलो होतो ना, तसं जाऊ." आपण म्हणाली, मी तेव्हा जन्मलेही नव्हते. पुन्हा फळी वर झाली, बोट वळली आणि पणजी समोरून हळूहळू जवळ यायला लागली, टेकडी, झाडं, लाल कौलं, आणि मधूनच चर्चचा पांढरा तुकडा.

आम्ही चार फेऱ्या मारल्या. शेवटच्या वेळेला तो खलाशी हसला आणि त्याने आईला बसायला स्वतःचं स्टूल आणून दिलं.